सगळं काढलं का?

सकाळी ८. ट्रॉलीवर लिग्नोकेन, १६ नंबरची करडी कॅन्युला, थ्री-वे तोटी, ५० सीसीची सिरिंज आणि युरोबॅग. युरोबॅग खरं तर लघवीसाठी, पण आमच्या वॉर्डात छातीतलं पाणीही तिच्यातच जमा होतं. स्वस्त मिळते आणि मापाच्या खुणा छापलेल्या असतात.

९. स्तनाच्या कॅन्सरच्या मावशी. एक्स-रेत उजवी बाजू पांढरीफटक. तीन उशांना टेकून रात्र काढली म्हणाल्या, तेही दोन-दोन शब्दांत तोडून. मुलगा मला बाजूला घेऊन विचारतो, "सिस्टर, एकदा पाणी काढलं की जास्तच साचतं म्हणतात?" हा प्रश्न रोजचाच. फुप्फुसाभोवतीच्या दोन पडद्यांमध्ये एरवी दोन-तीन चमचे पाणी असतंच. कॅन्सरच्या पेशी पडद्यावर बसल्या की पाझर वाढतो आणि निचऱ्याच्या वाटा तुंबतात. पाणी परत भरतं ते या कारणाने. सुईचा त्यात दोष नाही.

मावशींना टेबलावरच्या उशीवर ओणवं बसवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर जागा बघून पेनाने खूण केली. सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून जाते, कारण शीर, धमनी आणि नस खालच्या कडेने धावतात. माझी जागा समोर. पाण्याकडे डॉक्टर बघतात, मी चेहऱ्याकडे. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी हळूहळू पिशवीत उतरू लागलं. १,१०० मिलीला मावशींना खोकल्याची उबळ आली, छातीत आवळल्यासारखं वाटू लागलं. डॉक्टरांनी थ्री-वे बंद केला.

"सगळं काढलं का?" मुलगा.

नाही काढलं. बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्यातच पाणी उतरू शकतं. क्वचित होतं, पण जिवावर बेततं. म्हणून एका बैठकीला साधारण दीड लिटरची मर्यादा, आणि त्रास झाला तर त्याआधीच थांबायचं. छाती कोरडी करायचा आमचा हट्ट नसतो. आज रात्री मावशींना एका उशीवर झोप लागली की काम झालं. पिशवीवरच्या आकड्यावरून नातेवाईक आमचं यश मोजतात, याचा मला थोडा राग येतो.

११. राउंड. सहा नंबरच्या काकांना पाणी आहे, पण सुई नको असं ठरलं. मागच्या खेपेला लिटरभर काढूनही धाप तसूभर कमी झाली नव्हती, आणि आता दिवस थोडे उरलेत. बायकोला हे समजावायला डॉक्टर खुर्ची ओढून बसले. पाणी काढण्यापेक्षा याला जास्त वेळ लागला.

ज्यांना दर आठवड्याला सुई लागते त्यांच्यासाठी दोन वाटा. टाल्क किंवा बीटाडीन सोडून दोन्ही पडदे चिकटवायचे; त्यासाठी फुप्फुस फुलून छातीच्या भिंतीला टेकायला हवं. नाहीतर कातडीखालून नळी घालून रुग्णाला घरी पाठवायचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत धाप कमी करण्यात टाल्क आणि नळी जवळपास सारखेच ठरले. पण ती खास नळी आणि तिच्या बाटल्या आमच्या बहुतेक रुग्णांना परवडत नाहीत. मग साधी पिगटेल नळी, जी बुजते आणि निसटतेही.

दुपारी २. गृहभेट, मानखुर्द, चौथा मजला, लिफ्ट बंद. आजोबांना फुप्फुसाचा कॅन्सर. नळीचं सगळं सून बघते. हात धुणं, पिशवी छातीच्या खाली ठेवणं, दुखलं की बंद करणं, सारं तिला पाठ. दिवसाआड काढते आणि नातीच्या जुन्या वहीत लिहिते: ४००, ३००, १५०, ४०. "ताई, नळी बुजली का हो?" सलाइन सोडून पाहिलं, नळी मोकळी होती. स्टेथोस्कोप लावला, तळापर्यंत हवा जात होती. पडदे आपले आपणच चिकटत असावेत. नळीवाल्या बऱ्याच जणांत तसं होतं. डॉक्टरांना फोन केला. एक्स-रे काढू, मग नळीचं ठरवू.

सून खूश, आजोबा नाहीत. धाप लागतेच आहे त्यांना. पाण्याचा वाटा गेला. गाठीचा, रक्त कमी असल्याचा आणि भीतीचा उरला. त्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, दहाच्या गोळीचा पाव भाग, दर चार तासांनी. गोळ्या डब्यात तशाच. "सवय लागेल म्हणून दिल्या नाहीत." या मात्रेत धापेची तगमग कमी होते, श्वास बंद पडत नाही, हे सांगितलं. बद्धकोष्ठ मात्र हमखास, म्हणून जुलाबाचं औषध सोबत हवंच. पहिला पाव तुकडा माझ्यासमोर दिला. टेबलफॅन पायांकडे होता, तो वळवून तोंडावर घेतला. वारा गालांवर लागला की धाप हलकी वाटते.

संध्याकाळी ६. मावशींच्या मुलाचा फोन. आईला चिपळूणला जायचंय, पुढच्या शनिवारी, भाचीचं लग्न. नेऊ का? डॉक्टर म्हणाले, न्या. शुक्रवारी सोनोग्राफी, गरज असेल तरच सुई. तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मी आत्ताच लिहायला घेतलीय: उजवी बाजू, आज १,१०० मिली, खोकला आल्यावर थांबवलं. कृपया सगळं काढण्याचा प्रयत्न करू नये.