‘स्टार ट्रेक’ आणि ‘स्टार वॉर्स’ : प्रभाव मोजायचा कसा?



शनी ग्रहाच्या अनेक चंद्रांपैकी मिमास हा एक लहानसा चंद्र. त्याचा व्यास सुमारे ४०० किलोमीटर आहे. पण त्याच्या एका अंगाला तब्बल १३० किलोमीटर रुंदीचे विवर आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये ‘व्हॉयेजर-१’ या यानाने त्याची छायाचित्रे पृथ्वीवर पाठविली, तेव्हा पाहणारे चकित झाले. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील ‘डेथ स्टार’ नावाचे गोलाकार युद्धकेंद्र अगदी असेच दिसत होते! मग चित्रपटाच्या कलावंतांनी मिमास पाहून ते रेखाटले असेल काय? छे! चित्रपट आला १९७७ साली आणि त्या वेळी मिमासवरचे ते विवर कोणीही पाहिलेले नव्हते. हे साम्य म्हणजे निव्वळ योगायोग.

हा प्रसंग लक्षात ठेवा. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे आपण चटकन म्हणतो. आज आपण विज्ञानकल्पनेच्या जगातील दोन अतिशय लोकप्रिय कथाविश्वांची तुलना करणार आहोत. ती करताना हा मोह टाळायचा आहे.

दोन कथाविश्वे

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिचा जनक होता जीन रॉडनबेरी. ‘एंटरप्राइझ’ नावाचे अंतराळयान, त्यावरचे निरनिराळ्या देशांचे व वंशांचे कर्मचारी, आणि दर आठवड्याला एक नवे जग, अशी तिची मांडणी. मालिका फारशी चालली नाही. ती बंद होणार अशी कुणकुण लागताच प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. एक लाखाच्या वर पत्रे आल्याचे वाहिनीने सांगितले. तरीही ७९ भागांनंतर, जून १९६९ मध्ये तिचा पडदा पडला. गंमत अशी, की त्यानंतर काही आठवड्यांतच, २० जुलै १९६९ रोजी माणूस खरोखरच चंद्रावर उतरला! पुढे पुनःप्रक्षेपणांमुळे मालिकेचे चाहते वाढतच गेले. आपल्याकडेही १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका दाखविली जात असे.

‘स्टार वॉर्स’ची कथा निराळी. जॉर्ज लुकास याला खरे तर ‘फ्लॅश गॉर्डन’ या जुन्या चित्रकथेवर चित्रपट काढायचा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचे विश्व रचले. २५ मे १९७७ रोजी हा चित्रपट अवघ्या ३२ चित्रपटगृहांत झळकला आणि पाहता पाहता त्याने जग जिंकले. त्यात अंतराळयाने आहेत, यंत्रमानव आहेत. पण गाभा आहे तो राजकन्या, गुरू, शिष्य, तलवार आणि दुष्ट सम्राट यांचा. पुराणकथांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या जोसेफ कॅम्पबेलचे ग्रंथ आणि जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याचा १९५८ चा ‘द हिडन फोर्ट्रेस’ हा चित्रपट यांचे ऋण लुकासने मान्य केले आहे.

थोडक्यात, ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा, तर ‘स्टार वॉर्स’ ही अवकाशात घडणारी अद्भुतकथा. पहिली विचारते, “असे झाले तर काय होईल?” दुसरी सांगते, “एकदा असे घडले.”

तीन कसोट्या

प्रभाव हा काही तराजूत टाकून तोलता येत नाही. मग तो ओळखायचा कसा? तीन साध्या कसोट्या लावू. पहिली, काळाची : कारण आधी आणि परिणाम नंतर, असा क्रम आहे का? दुसरी, साक्षीची : ज्यांनी काम केले त्यांनी स्वतः तसे सांगितले आहे का, किंवा तसा कागदोपत्री पुरावा आहे का? तिसरी, पर्यायाची : हे कथाविश्व नसते, तरीही ती गोष्ट घडलीच असती का? मिमास पहिल्याच कसोटीला नापास झाला, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

मोबाईल फोनचे काय?

‘स्टार ट्रेक’मधील नायक झाकण उघडून हातातल्या छोट्या यंत्रावर बोलत असे. त्यावरूनच मोबाईल फोन निघाला, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. कसोट्या लावून पाहू. हातात धरता येणाऱ्या मोबाईल फोनवरून पहिले संभाषण ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने केले. म्हणजे पहिली कसोटी उतरली. पण खुद्द कूपर यांनी नंतर सांगितले, की आपल्यावर छाप होती ती ‘डिक ट्रेसी’ या चित्रकथेतील मनगटी रेडिओची. शिवाय शहराचे छोटे छोटे विभाग पाडून प्रत्येकात एक प्रक्षेपक ठेवायचा, ही मोबाईल यंत्रणेमागची मूळ कल्पना बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडली गेली होती. तेव्हा मालिका नसती तरी मोबाईल आला असता. प्रभाव असलाच तर तो पुढच्या काळातील झाकणाच्या फोनांच्या रूपावर असेल, शोधावर नव्हे.

आता दुसरे उदाहरण पाहा. ‘स्टार ट्रेक’मधील यान ‘वॉर्प’ पद्धतीने प्रकाशापेक्षा जलद जाते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार कोणतीही वस्तू अवकाशातून प्रकाशवेग ओलांडू शकत नाही. पण अवकाशच आकुंचन-प्रसरण पावले तर? मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली असे गणित मांडले, की यानाच्या पुढचे अवकाश आकुंचन पावत असेल आणि मागचे प्रसरण पावत असेल, तर यान जागच्या जागी स्थिर राहूनही दूर पोचेल. शोधनिबंधाच्या शीर्षकात त्याने ‘वॉर्प’ हाच शब्द वापरला. मात्र यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि ती एवढ्या प्रमाणात कोठून आणायची हे कोणालाच ठाऊक नाही. येथे कथेने प्रश्न पुरविला. उत्तर शोधावे लागले ते समीकरणांतच.

‘स्टार वॉर्स’च्या खात्यावरही अशी नोंद आहे. चित्रपटात नायक तलवारीचा सराव करतो तो हवेत तरंगणाऱ्या एका चेंडूसमोर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एका प्राध्यापकाने १९९९ साली आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवून असे तरंगते यंत्र बनविण्यास सांगितले. त्यातून ‘स्फिअर्स’ नावाचे चेंडूएवढे उपग्रह तयार झाले, आणि २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात प्रत्यक्ष तरंगू लागले. येथे काळ, साक्ष आणि पर्याय या तिन्ही कसोट्या बऱ्याच अंशी उतरतात.

माणसे घडविणारा प्रभाव

यंत्रांहून मोलाचा प्रभाव माणसांवरचा. १९६६ च्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा समान हक्कांचा लढा चालू होता. अशा वेळी ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री यानाची संदेशवहन अधिकारी उहुरा हिची भूमिका करीत होती. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडण्याच्या बेतात होती. पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबण्याचा आग्रह केला, अशी आठवण तिने सांगितली आहे. किंग यांना त्या भूमिकेचे मोल कळले होते. भविष्यकाळात आपल्यालाही स्थान आहे, हे तेथील मुलांना पडद्यावर दिसत होते.

१९७७ मध्ये ‘नासा’ने अंतराळवीरांच्या भरतीसाठी याच अभिनेत्रीची मदत घेतली. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय होते. याचे सारे श्रेय एका मालिकेला देणे बरोबर होणार नाही. कायदे बदलले होते, ‘नासा’चे धोरणही बदलले होते. परंतु मे जेमिसन हिची साक्ष स्पष्ट आहे. लहानपणी उहुराला पाहून आपल्याला स्फूर्ती मिळाली, असे ती सांगते. सप्टेंबर १९९२ मध्ये ‘एंडेव्हर’ यानातून ती अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री. पुढच्याच वर्षी तिने ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत एक छोटी भूमिकाही केली!

नावांची किमया

‘नासा’च्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरले होते. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी पत्रे पाठवून राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडे आग्रह धरला आणि सप्टेंबर १९७६ मध्ये ते यान ‘एंटरप्राइझ’ या नावाने जगासमोर आले. १९७७ मध्ये विमानाच्या पाठीवरून सोडून त्याच्या उतरण्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. अंतराळात मात्र ते कधीच गेले नाही.

‘स्टार वॉर्स’ या नावाचा प्रवास अधिक वादळी ठरला. २३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी शत्रूची अण्वस्त्रे वाटेतच नष्ट करणाऱ्या संरक्षणयोजनेची घोषणा केली. टीकाकारांनी तिला ‘स्टार वॉर्स’ हेच नाव ठेवले. राजकीय जाहिरातींतील या वापराविरुद्ध लुकासची कंपनी न्यायालयात गेली, पण हरली. कथेतला शब्द एकदा लोकांच्या तोंडी बसला, की तो निर्मात्याच्या ताब्यात राहत नाही!

विज्ञानातही हे नाव पोचले आहे. २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या साहाय्याने ‘केप्लर-१६ बी’ हा ग्रह सापडला. तो दोन सूर्यांभोवती २२९ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. चित्रपटातील टॅटूइन ग्रहावर दोन सूर्य मावळताना दिसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी लगेच त्याच्याशी तुलना केली. शोध दुर्बिणीचा, ओळख चित्रपटाची.

पडद्यामागची प्रयोगशाळा

‘स्टार वॉर्स’चा सर्वांत खोल प्रभाव कथेत नाही, तो पडद्यामागे आहे. लुकासला हवी तशी अंतराळयुद्धे चित्रित करण्याची साधनेच त्या वेळी नव्हती. म्हणून त्याने १९७५ साली स्वतःची प्रयोगशाळा काढली. तेथे कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने नोंदवून ती हुबेहूब पुन्हा पुन्हा करण्याची पद्धत वापरली गेली. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी टिपलेली याने एकाच चित्रात नेमकी बसविता येऊ लागली. पुढे लुकासने संगणक विभागही सुरू केला.

आता एक विलक्षण गोष्ट ऐका. या संगणक विभागाने १९८२ साली एका चित्रपटासाठी सुमारे मिनिटभराचे दृश्य संपूर्णपणे संगणकावर तयार केले. एका ओसाड गोलावर आग पसरते आणि मागोमाग डोंगर व समुद्र निर्माण होतात, असे ते दृश्य. एकच आकार लहान-लहान प्रमाणात पुन्हा पुन्हा वापरून खडबडीत डोंगर रचण्याचे ‘फ्रॅक्टल’ गणित त्यासाठी वापरले होते. तो चित्रपट कोणता? ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसरा चित्रपट! आणि हाच विभाग १९८६ साली वेगळा होऊन ‘पिक्सार’ ही संस्था झाली. इतकेच काय, ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट १९७९ साली निघाला, त्यालाही ‘स्टार वॉर्स’चे यश कारणीभूत होते. चाहते भांडत राहिले, पण ही दोन कथाविश्वे एकमेकांना हात देतच वाढली.

मग मोठे कोण?

आपल्या तीन कसोट्यांवरून असे म्हणता येईल : अंतराळविज्ञानाकडे वळणाऱ्या माणसांवर ‘स्टार ट्रेक’चा ठसा अधिक ठळक आहे, तर चित्रपटकलेवर आणि रोजच्या बोलण्यावर ‘स्टार वॉर्स’चा. दोन्ही एकाच पट्टीने मोजणे म्हणजे किलोमीटर आणि किलोग्रॅम यांची बेरीज करण्यासारखे आहे.

मात्र एक खबरदारी घ्या. कथेला न मिळवलेले श्रेय देऊ नका. ते दिले, की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसांचे श्रेय आपण काढून घेतो. त्याचबरोबर कथा ‘नुसतीच करमणूक’ म्हणून झटकूनही टाकू नका. पडद्यावर आपल्यासारखे कोणी दिसले म्हणून एक मुलगी अंतराळापर्यंत पोचली, हेही तितकेच खरे आहे.

करून पाहा

‘स्टार वॉर्स’मधील किरणांच्या बंदुकीचा आवाज ध्वनिसंयोजक बेन बर्ट याने रेडिओच्या मनोऱ्याला आधार देणाऱ्या तारेवर हातोडी मारून मिळविला. ताठ तारेतून उच्च कंपनसंख्येच्या लहरी जलद जातात आणि नीच कंपनसंख्येच्या मागे राहतात. त्यामुळे चढ्या स्वरातून खाली घसरणारा “प्यूऽऽ” असा आवाज ऐकू येतो. तुम्ही ‘स्लिंकी’ नावाने मिळणारी लांब, सैल, धातूची स्प्रिंग घ्या. तिच्या एका टोकाला कागदी पेला अडकवा आणि पेला हातात धरून स्प्रिंग खाली लोंबू द्या. दुसऱ्या टोकाजवळ चमच्याने हलकेच टिचकी मारा. काय ऐकू आले?

आणि जाता जाता एक प्रश्न : अंतराळ तर निर्वात आहे. मग दोन्ही कथाविश्वांतील यानांचे स्फोट आपल्याला ऐकू कसे येतात? वर्गात चर्चा करा!