घरातील वायुवीजन : एक्झॉस्ट पंख्याच्या जागेची निवड

बीजसंज्ञा : वायुवीजन, एक्झॉस्ट पंखा, स्वयंपाकघर, गॅस गिझर, कार्बन मोनॉक्साइड.

प्रस्तावना :
वायुप्रदूषणाची चर्चा प्रामुख्याने रस्ते व कारखाने यांच्या संदर्भात होते. घरातील हवेकडे मात्र दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतील सूक्ष्म कणांची (पीएम २.५) वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. ही मर्यादा घराबाहेरील हवेप्रमाणेच घरातील हवेसही लागू आहे. स्वयंपाकघरातील दूषित हवा बाहेर टाकण्यासाठी एक्झॉस्ट पंखा बसविला जातो. तो कोणत्या बनावटीचा असावा याचा विचार होतो. कोठे बसवावा हे मात्र बहुधा बांधकामाच्या वेळी भिंतीत सोडलेल्या भोकावरून ठरते. प्रस्तुत लेखात ही जागा निवडण्यामागील तत्त्वे स्पष्ट केली आहेत.

१. पारंपरिक घरांतील योजना :
मराठवाड्यातील माळवदाच्या घरात छताला साणे ठेवीत. कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. या दोहोंमागील तत्त्व एकच होय : तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास खालून थंड हवा आत येते. सिमेंटच्या सपाट स्लॅबने ही वरची वाट बंद केली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस पोहोचला व चुलीचा धूर घटला. तथापि फोडणी व तळण यांतून निघणारे कण, वाफ आणि ज्वलनातील वायू यांना वाट देण्याची गरज कायम आहे.

२. जागा निवडण्याची तत्त्वे :
(अ) पंखा शेगडीच्या शक्य तितक्या जवळ व छतालगत असावा. दूषित हवा खोलीभर पसरण्यापूर्वीच ती बाहेर जाणे इष्ट होय.
(आ) हवा आत येण्याची वाट पंख्याच्या समोरील बाजूस असावी. खिडकीलगत पंखा बसविल्यास तो खिडकीतून आलेली ताजी हवाच परत बाहेर टाकतो आणि शेगडीवरील धूर जागीच राहतो. अशा वेळी ती खिडकी बंद ठेवून समोरचे दार उघडावे.
(इ) महाराष्ट्रात पावसाळ्यात वारे प्रामुख्याने पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून वाहतात. या बाजूच्या उघड्या भिंतीतील पंख्यास वाऱ्याचा विरोध होतो व पाणीही आत येते. पर्याय नसल्यास बाहेरून झडप व छज्जा आवश्यक आहे.
(ई) बाहेर टाकलेली हवा स्वतःच्या अथवा शेजाऱ्याच्या खिडकीतून पुन्हा आत येता कामा नये. चारही बाजूंनी बंद असलेल्या अरुंद डक्टमध्ये हा धोका अधिक असतो.
(उ) नळी जोडावयाची असल्यास ती आखूड व सरळ असावी. प्रत्येक वळण हवेचा प्रवाह कमी करते.

३. क्षमतेचा विचार :
३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच स्वयंपाकघराचे घनफळ २२.५ घनमीटर होते. तेथील हवा ताशी १२ वेळा बदलावयाची असे ठरविल्यास पंख्याने ताशी २७० घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे. तेवढीच हवा आत यावयास हवी, हे येथे ध्यानात घ्यावे. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर मोठा पंखाही केवळ आवाज करतो.

४. गॅसची उपकरणे व सुरक्षितता :
जागेची चूक सर्वाधिक घातक ठरते ती न्हाणीघरात. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरला पुरेसा प्राणवायू न मिळाल्यास ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. यास रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० हून अधिक पट सहजतेने जोडला जातो. त्यामुळे धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच मनुष्य बेशुद्ध होऊ शकतो. एक्झॉस्ट पंखा हा यावरील पुरेसा उपाय नव्हे. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा धुराड्यातून जाणारे वायूच उलट खोलीत ओढतो. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे हाच खरा उपाय होय.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. छतालगतचा पंखा तो काढू शकत नाही. उलट बटण दाबताना उडणाऱ्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. अशा वेळी कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा व दारे-खिडक्या उघडाव्यात. सिलिंडरजवळ जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी असणे याच कारणाने आवश्यक आहे.

निष्कर्ष :
वायुवीजन म्हणजे केवळ पंखा नव्हे, तर हवेचा संपूर्ण मार्ग होय. हवा कोठून येणार, कशावरून जाणार व कोठे बाहेर पडणार, या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशा मंजूर होण्यापूर्वीच मिळविली पाहिजेत. बांधून झालेल्या घरात पंखा लावून शेगडीजवळ उदबत्ती धरावी. तिचा धूर थेट पंख्याकडे गेला, तर जागा योग्य आहे असे समजावे; तो खोलीतच घुटमळला, तर पंखा बदलण्याआधी हवेची वाट तपासावी.