‘पासून’ या शब्दापासून सावध!

साड्यांच्या दुकानावर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ अशी पाटी लागली, की आपण बायका आत शिरतो खऱ्या, पण मनाशी हिशेब पक्का असतो. ती पन्नास टक्के सूट कोपऱ्यातल्या चार विटक्या साड्यांवर असणार आणि आपल्याला आवडेल तिच्यावर दहाच टक्के मिळणार, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. ‘पर्यंत’ या शब्दातली मेख आपण केव्हाच ओळखली आहे. विमानाच्या जाहिरातीत या ‘पर्यंत’चा सख्खा भाऊ असतो. त्याचं नाव ‘पासून’. ‘अमेरिका फक्त २९,९९९ रुपयांपासून!’ आणि आकड्याच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी. तिथे मात्र भल्याभल्या फसतात. कारण साड्या आपण वर्षानुवर्षं घेत आलो. अमेरिकेचं तिकीट आयुष्यात एकदा, फार तर दोनदा काढायचं असतं.

‘हा विषय आपल्या पानावर कशाला?’ असं काहीजणींना वाटेल. पण मैत्रिणींनो, आज तालुक्याच्या गावातही प्रत्येक आळीत एखादं तरी घर असं सापडतं, ज्यांची लेक न्यू जर्सीत किंवा मुलगा टेक्सासमध्ये आहे. बाळंतपण जवळ आलं, की आईला बोलावणं येतं. तिकीट कोण बघतं? मुलगा, जावई, पुतण्या नाहीतर ओळखीचा एजंट. पैसे पुष्कळदा आईच्याच मुदतठेवीतले असतात, प्रवासही तिलाच एकटीला करायचा असतो. पण तिकिटावर काय लिहिलंय हे तिला कुणी सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. महिला मंडळाच्या कामामुळे अशा बऱ्याच काकू-मावश्यांची कागदपत्रं मी पाहिली आहेत. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. स्वस्त तिकीट मिळतं, पण जाहिरातीतल्या आकड्याच्या मागे धावून नाही. शेवटचा आकडा विचारून मिळतं.

साधा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. जाहिरातीत २९,९९९ रुपये, तेही बहुधा एका बाजूचे. जाऊन-येऊन झाले ५९,९९८. त्यावर कर आणि अधिभार धरू १६,००० रुपये. या तिकिटात सामानाची बॅग धरलेलीच नाही. एक बॅग न्यायची-आणायची म्हणजे आणखी १४,०००. पाय मोकळे ठेवता येतील अशी सीट हवी, तर दोन्ही वेळचे मिळून ४,०००. एजंटचे १,०००. बेरीज झाली ९४,९९८! शेजारच्या दुसऱ्या कंपनीचा आकडा पहिल्याच नजरेत ८९,००० दिसत होता म्हणून आपण तिकडे बघितलंही नव्हतं. त्यात सगळे कर होते, जेवण होतं आणि तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगाही होत्या. आता सांगा, स्वस्त कोणतं?

आणि बॅग ही आपल्यासाठी चैन नव्हे. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, बाळाची दुपटी, लेकीने सांगितलेली पुस्तकं... बॅगेशिवाय कोणती आई बाळंतपणाला निघते? साधारण २०१८ च्या सुमाराला युरोप आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनीही अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत बॅग नसलेली ‘बेसिक’ तिकिटं विकायला सुरुवात केली. मुंबईहून लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाताना दुसरा टप्पा हाच असतो. म्हणून मुंबईहून मिळणाऱ्या तिकिटावरही बॅग एक की दोन की शून्य, हे दरवेळी वाचूनच घ्यावं लागतं.

ही स्वस्ताईची शर्यत काही आजची नाही. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाने लंडन-न्यूयॉर्क अशी ‘स्कायट्रेन’ सुरू केली. एका बाजूचं भाडं ५९ पौंड. जेवणाचे पैसे वेगळे. लोकांनी रांगा लावल्या. पण १९८२ च्या फेब्रुवारीत कंपनी बुडाली. अगदी आपल्या दारातलं उदाहरणही आहे. आइसलंडच्या ‘वॉव एअर’ने २०१८ मध्ये दिल्लीहून रेक्याविकमार्गे अमेरिका १३,४९९ रुपयांपासून, अशी जाहिरात केली होती. त्या भाड्यात सोबत एक छोटी पिशवी तेवढी चालत होती. बाकी सगळ्याचे पैसे वेगळे. डिसेंबर २०१८ मध्ये ही सेवा सुरू झाली, जानेवारी २०१९ मध्ये बंद पडली आणि २८ मार्च २०१९ ला कंपनीच मिटली. नॉर्वेच्या ‘नॉर्वेजियन’नेही जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची विमानं थांबवली. स्वस्त कंपनी म्हणजे वाईट, असं नाही. त्यांच्यामुळेच इतरांचे दर थोडे खाली आले. पण सहा महिन्यांनी परतायचं तिकीट आज काढताना ती कंपनी किती जुनी, किती भक्कम, हे विचारायला हवं.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. ‘मुंबई ते युरोप एका कंपनीचं आणि तिथून अमेरिकेला दुसरीचं घेतलं, तर स्वस्त पडतं,’ असं कुणीतरी हुशार भाचा सांगतो. आकडा खरंच कमी दिसतो. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं असंच झालं. मिस्टर नाहीत, लेक एकुलती एक. बारा हजार रुपये वाचले म्हणून सगळे खूश होते. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं आणि म्हणाली, ‘आजी, हे एकच तिकीट नाही. तुमची बॅग युरोपपर्यंतच जाईल. तिथे बाहेर येऊन बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं. बाहेर यायला तुमच्याकडे त्या देशाचा व्हिसा कुठे आहे?’ अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर होता, मधल्या देशाचा नव्हता. काकूंना विमानात घेतलं नाही. पहिला टप्पाच चुकला, म्हणून परतीची तिकिटंही बाद. दुसरं तिकीट काढायला ठेव मोडावी लागली. नातू आधी आला, आजी चार दिवसांनी पोचल्या. ‘पैशांचं जाऊ दे गं, पण पोरीने कळा येताना मला फोन लावला आणि मी तेव्हा पुतण्याच्या घरी बसून होते,’ हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? एकाच तिकिटावर असेल, तर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तरी पुढे नेण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटं असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही ‘आल्याच नाहीत’. ज्यांनी व्हीलचेअर सांगितलेली असते, त्यांनाही दोन तिकिटांमध्ये मदतीची साखळी तुटते. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या आईला अनोळखी विमानतळावर असं उभं करून वाचवलेले बारा हजार काय कामाचे?

दुसरा प्रश्न तारीख बदलण्याचा. बाळ काही तिकीट बघून येत नाही! पर्यटक व्हिसावर अमेरिकेत सहसा सहा महिने राहू देतात. पण नेमकी मुदत तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतो. लेकीची तब्येत, बाळाचं दुखणं-खुपणं, कशानेही परतीची तारीख पुढे-मागे होऊ शकते. तारीख बदलायला किती पैसे पडतील, हे आधीच लिहून घ्या. दोन-चार हजार जास्त देऊन तारीख बदलता येणारं तिकीट मिळत असेल, तर बाळंतपणाला जाणाऱ्या आईसाठी तेच खरं स्वस्त.

तिसरी गोष्ट ‘कर’ या रकान्याची. तिथे लिहिलेली सगळी रक्कम सरकारकडे जात नाही. ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ अशी अक्षरं दिसली, तर तो विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार असतो. भाडं कमी दाखवायचं आणि अधिभार वाढवायचा, ही जुनी युक्ती. पण सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क ही वेगळी बाब. ‘परतावा नाही’ असं लिहिलेलं तिकीट रद्द झालं, तरी ती रक्कम परत करण्याचा नियम आपल्या देशातल्या विमान कंपन्यांना आहे. मागितल्याशिवाय मात्र सहसा कुणी देत नाही, म्हणून अर्ज करावा.

कायदा आपल्या बाजूने आहे का? बऱ्यापैकी आहे. युरोपात २००८ च्या नियमाने आणि अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून सक्तीचे सगळे कर धरूनच भाडं दाखवावं लागतं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. सुरुवातीला कमी आकडा दाखवून शेवटच्या पायरीवर वाढवणं, न विचारता विम्यासारखी वस्तू बिलात टाकणं, ‘दोनच सीट उरल्या’ अशी खोटी घाई करणं अशा तेरा प्रकारच्या फसवणुकी त्यात नोंदल्या आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. पण लक्षात घ्या, बॅग आणि सीट हे ‘ऐच्छिक’ म्हणून कायद्याबाहेरच राहतात. तिथे आपले डोळेच आपले वकील.

मग स्वस्त मिळवायचं कसं? शक्य असेल तर मे-जून आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा टाळा; ऑगस्टमध्ये शिकायला जाणाऱ्या मुलांची गर्दी असते. फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर सहसा उतरतात. बाळंतपणाची तारीख आपल्या हातात नसते, पण आठवडाभर आधी निघणं असतं. मंगळवार-बुधवारचे दर शनिवार-रविवारशी ताडून बघा. एजंटने सांगितलेला आकडा विमान कंपनीच्या स्वतःच्या दराशी पडताळा. लेक अमेरिकेतून कंपनीकडूनच थेट तिकीट काढत असेल आणि प्रवासाला सात दिवस तरी बाकी असतील, तर तिथल्या नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत दंड न भरता ते रद्द करता येतं किंवा दर राखून ठेवता येतो. त्या चोवीस तासांत तिकीट आईला फोनवर वाचून दाखवावं, ही लेकींना माझी विनंती.

हिशेबात आपल्या गावाहून मुंबईचं भाडंही धरा. आणखी एक. पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ रात्री दीड असेल, तर घरून १४ तारखेलाच निघायचं!

पैसे भरण्याआधी कागदावर पाच प्रश्न लिहा. सगळं धरून जाऊन-येऊन किती? तिकीट एकच ना? बॅगा किती, किती किलोच्या? तारीख बदलायला किती? मध्ये कुठे थांबायचं, किती तास आणि तिथला व्हिसा लागेल का? ही पाच उत्तरं एजंटकडून, भाच्याकडून, जावईबापूंकडूनसुद्धा लेखी मागून घ्या. ‘आईला काय कळतंय त्यातलं,’ असं कुणी हसून म्हणालं, तरी संकोच करू नका. पैसे आपले, प्रवास आपला, तर तिकीटही आपणच वाचायचं.