घरात कुबट वास येतोय? वरवरची बुरशी आणि भिंतीत मुरलेली बुरशी कशी ओळखाल?

धायरी फाट्यावरून आत वळलं की रायकर मळा, बेनकर वस्ती या भागांत इमारतींना इमारती लागून उभ्या आहेत. पावसाळ्यात इथल्या घरांमधून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘कपाट उघडलं की कुबट वास येतो.’ दुसरी, ‘मुलाचा खोकला काही केल्या जात नाही.’ पहिलीवर डांबरगोळ्या ठेवल्या जातात, दुसरीवर खोकल्याचं औषध दिलं जातं. पण कधी कधी दोन्हींचं मूळ एकच असतं: कपाटामागची ओली भिंत.

हा वास नेमका कशाचा?

बुरशी ओलसर जागी वाढताना काही वायू सोडते. कुबट वास त्यांचाच. म्हणून डाग दिसत नसला तरी असा वास येत असेल, तर कुठेतरी ओल आहे आणि तिथे बुरशी वाढत असण्याची शक्यता आहे, असं समजा. गादीखाली, कपाटाच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या वर, सिंकखालच्या प्लायवूडमध्ये ती लपलेली असते.

रूम फ्रेशनर किंवा डांबरगोळ्या हा वास फक्त झाकतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर डांबरगोळ्या ठेवूच नका. त्यातल्या नॅफ्थॅलीनमुळे काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

‘मिल्ड्यू’ आणि ‘मोल्ड’ यांत फरक काय?

इंटरनेटवर शोधलं की हे दोन शब्द समोर येतात. मराठीत आपण दोन्हींना बुरशीच म्हणतो आणि ते चूक नाही. शास्त्रात ‘मिल्ड्यू’ हा मुख्यतः पिकांवरचा रोग आहे. द्राक्षबागायतदार ज्याला भुरी म्हणतात, तो त्यातलाच. ती भुरी जिवंत झाडावर जगते, तुमच्या चपलांवर नाही. घराच्या बाबतीत मात्र वरवर पसरलेल्या बुरशीला ‘मिल्ड्यू’ आणि दाट, खोल गेलेल्या बुरशीला ‘मोल्ड’ म्हणायची पद्धत पडली आहे.

तुमच्यासाठी कामाचा प्रश्न एवढाच: ही बुरशी पुसून जाईल, की आत मुरली आहे?

घरच्या घरी कसं ओळखाल?

* वरवरची बुरशी: पांढरट किंवा राखाडी, सपाट, पिठासारखी. चामड्याच्या चपला, पट्टे, बाथरूमच्या फरशा, खिडकीची चौकट इथे दिसते. ओल्या फडक्याने निघते आणि जागा कोरडी ठेवली की लवकर परतत नाही.
* मुरलेली बुरशी: हिरवट, काळी किंवा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, कधी मखमलीसारखी. खालचा रंग फुगलेला असतो, पापुद्रे सुटतात, प्लायवूड मऊ पडतं. पुसल्यावर काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येते.
* बुरशी नव्हे, लोणा: भिंतीवर पांढरे, खरखरीत कण येतात. हे विटा आणि सिमेंटमधले क्षार. थोडे कण पाण्यात टाकून पाहा. क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. पण लोणा दिसला याचा अर्थ भिंतीतून पाणी झिरपतंय, म्हणजे बुरशीला निमंत्रण आहेच.
* बुरशी की नुसता मळ? डागावर पाणी मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. एक-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर बहुधा मळ किंवा काजळी.

काळा डाग म्हणजे ‘काळी बुरशी’ का?

नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव पडलं आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून अनेक जण घाबरतात. त्या आजारातला काळा रंग बुरशीचा नसून तिच्यामुळे मृत झालेल्या ऊतींचा असतो. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड्सचा वापर आणि कोरोना यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना तो प्रामुख्याने झाला. भिंतीवरचे काळे ठिपके वेगवेगळ्या बुरशींचे असू शकतात, आणि नुसत्या रंगावरून त्यांचा धोका ठरवता येत नाही. प्रयोगशाळेत जात शोधण्याचीही सहसा गरज नसते. कोणतीही असो, ती काढायची आणि ओल थांबवायची.

ओल येते कुठून?

पुण्यात पावसाचे वारे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती आधी तपासा. वरच्या मजल्यावर गच्चीची गळती, मधल्या मजल्यांवर शेजारचं किंवा वरचं बाथरूम, तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल ही नेहमीची कारणं. त्यात पावसाळ्यात खिडक्या बंद आणि दोरीवर घरभर ओले कपडे, म्हणजे घरातलीच वाफ भिंतीवर बसते.

गळती की वाफ, हे ठरवायला सोपा उपाय आहे. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला ओल जमली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमली तर दोष हवेतल्या दमटपणाचा.

पाणी भिंतीतून येत असेल तर रंग मारून उपयोग नाही. नोंदणीकृत सहकारी सोसायटी असेल, तर आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. लेखी तक्रार द्या, सोबत फोटो जोडा.

२५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पुराचं पाणी घरांत शिरलं होतं. असं कधी झालं तर २४ ते ४८ तासांत घर वाळवणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. दोन दिवसांहून अधिक काळ भिजलेल्या कापसाच्या गाद्या आणि उशा वाचवत बसू नका.

आरोग्यावर काय परिणाम होतो?

निरोगी माणसाला थोड्याशा बुरशीने फार काही होत नाही. शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, घशात खवखव, एवढ्यावर भागतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दमट घरांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. बुरशीची अमुक पातळी सुरक्षित, असं सांगता येत नाही. घरात ओल आणि बुरशी होऊच देऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे.

काही जणांनी विशेष सावध राहावं:

* दम्याचे रुग्ण. बुरशीमुळे दम्याचा झटका येऊ शकतो. काहींना ‘अस्परजिलस’ बुरशीची तीव्र ॲलर्जी होऊन खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडतात. एक्स-रेवरची सावली क्षयासारखी दिसत असल्याने निदान चुकू शकतं.
* लहान मुलं आणि वयस्कर माणसं.
* कर्करोगाचे उपचार चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण. यांना बुरशीचा प्रत्यक्ष संसर्ग होऊ शकतो. साफसफाईच्या वेळी त्यांनी घरात थांबू नये.

उन्हाळ्यातला कूलरही विसरू नका. फुप्फुसं कडक होत जाणाऱ्या आजारांचा भारतातल्या १९ शहरांमध्ये अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के जणांना श्वासावाटे जाणाऱ्या कणांच्या ॲलर्जीतून होणारा प्रकार होता आणि त्यांतले जवळपास निम्मे एअर कूलरच्या संपर्कात होते. कूलरचं पाणी नियमित बदला, कुबट वास मारणाऱ्या जाळ्या टाकून द्या.

साफ कशी करायची?

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा.

१. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. खिडक्या उघडा.
२. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी जागा ओली करा.
३. फरशी, काच, धातू यांना साबणाचं पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. ब्लीच वापरायचंच असेल तर एक लिटर पाण्यात ६० मिलिलीटरपेक्षा जास्त नको.
४. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.
५. मऊ पडलेलं प्लायवूड आणि फुगलेलं प्लास्टर काढावंच लागतं. ब्लीचने वरचा रंग जातो, आतली बुरशी राहते.
६. जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय रंग लावू नका.

पुढे कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवा, ओले कपडे शक्यतो बाल्कनीत किंवा पंख्याखाली खिडकी उघडून वाळवा, आणि उघडीप मिळाली की कपाटं सताड उघडा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

* खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर. घरात बुरशी असली तरी क्षयाची तपासणी टाळू नका.
* रात्री छातीतून सूं-सूं आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल.
* गावी गेल्यावर बरं वाटतं आणि घरी आल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो, असं घडत असेल. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, निदानाला मोठी मदत होते.
* खोकल्यातून रक्त किंवा तपकिरी गुठळ्या, ताप, वजन घटणं.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर पडले असतील तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि भिंत साफ झाली म्हणून इन्हेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

थोडक्यात: बुरशीचं नाव आणि रंग दुय्यम आहेत. पुसल्यावर ती परत येते का, हे पाहा. परत येत असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. पुढच्या वेळी खोकल्यासाठी दवाखान्यात याल, तेव्हा कपाटामागच्या भिंतीचा एक फोटोही सोबत आणा.