वळणावर कटकट वाजते? आधी रबरी बूट पाहा



एके काळी आपल्या भागात मोटार म्हणजे जीप, ॲम्बॅसिडर नाहीतर फियाट. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची पद्धत गावोगाव पोहोचली. आज आपल्या दारातल्या बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत. या पद्धतीत एक जागा मात्र नाजूक आहे. ती म्हणजे पुढचा एक्सेल आणि त्याच्या दोन टोकांचे सांधे. गॅरेजवाले त्यांना सीव्ही जॉइंट म्हणतात. पाणंदीतून रोज ये-जा करणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीत हे सांधे लवकर दगा देतात, म्हणून आज त्यांविषयी लिहीत आहोत.

हा सांधा करतो काय?

ज्याने रोटाव्हेटर चालवला आहे त्याला हे लगेच कळेल. पीटीओ शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. शाफ्ट सरळ आहे तोवर ठीक चालते. पण पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर उंच उचलला की शाफ्ट खडखडायला लागतो. कारण कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. मोटारीच्या पुढच्या चाकाला तर ओढायचेही असते आणि वळायचेही असते. तिथे नुसता क्रॉस बसवला तर वळणावर स्टेअरिंग हिसके देईल. म्हणून चाकाकडच्या सांध्यात एका पोलादी कपात सहा गोळ्या खाचांतून धावतात आणि चाक वळले तरी वेग एकसारखा राहतो. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या मिनी या छोट्या मोटारीत असेच सांधे होते. गिअरबॉक्सकडच्या सांध्यात बहुधा तीन रोलर असतात. चाक खड्ड्यात खाली-वर झाले की ते आत-बाहेर सरकतात.

दोन्ही सांध्यांवर घड्यांची रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. आत काळे ग्रीस भरलेले असते. उसाचे धसकट घासून, दगड लागून किंवा रबर जुने होऊन बूट फाटतो. मग ग्रीस बाहेर फेकले जाते आणि चिखल-पाणी आत शिरते. त्यानंतर खाचा झिजायला फार दिवस लागत नाहीत. सांधा सहसा आपण होऊन जात नाही, आधी बूट जातो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ खर्च वाचेल.

दोष ओळखावा कसा?

१. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला असे समजावे.

२. मोकळ्या जागेत काचा खाली करून, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. कटकट आवाज आला तर चाकाकडचा सांधा झिजला. डावीकडे वळताना वाजले तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजले तर बहुधा डावा.

३. गाडी उचलताना किंवा ॲक्सिलरेटर दाबताना थरथर होते आणि पाय काढला की थांबते, तर गिअरबॉक्सकडच्या सांध्यावर संशय घ्यावा.

४. वेगाबरोबर वाढत जाणारी घुंईऽऽ अशी घरघर बहुधा बेअरिंगची असते. नुसत्या खड्ड्यात होणारी खडखड बहुधा सस्पेन्शनची असते. त्यासाठी एक्सेल बदलून पैसे घालवू नयेत.

दुरुस्ती

बूट फाटलाय पण आवाज नाही, तर सांधा अजून वाचतो. तो खोलून स्वच्छ धुवावा, कोरडा करावा आणि खाचा पाहाव्यात. खाचांत खड्डे नसतील तर सीव्ही जॉइंटचेच मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नवा बूट नव्या पट्ट्यांनी आवळावा. ट्रॉलीला भरतो ते साधे ग्रीस किंवा पट्टीऐवजी बाइंडिंग तार चालत नाही.

आवाज सुरू झाला असेल तर नुसता बूट बदलून उपयोग नाही. सांधा किंवा अख्खा एक्सेल बदलावा. आपल्या उद्यमनगरात लेथवर काय होत नाही! पण झिजलेल्या खाचा वेल्डिंगने भरू नयेत. त्या पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि सांधा पुन्हा जातो.

काम कोणीही केले तरी तीन गोष्टी विचाराव्यात. गाडी नुसत्या जॅकवर नाही ना, खाली घोडी लावली आहे ना? हबचा नट नवा घालून कंपनीच्या मापाने टॉर्क पान्याने आवळला का? एक्सेल काढताना सांडलेले गिअर ऑइल पुन्हा पातळीपर्यंत भरले का?

घाटात विशेष जपावे

एका बाजूचा सांधा तुटला तरी ओढ दोन्ही चाकांची जाते. इंजिन चालते, गाडी जागची हलत नाही. करूळच्या किंवा फोंड्याच्या चढावर असे झाले तर गाडी मागे घरंगळू लागेल. गिअरमध्ये टाकूनही ती थांबणार नाही, कारण गिअरचा चाकाशी संबंधच तुटलेला असतो. अशा वेळी इंजिन बंद न करता पायाचा ब्रेक दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकामागे दगड लावून मगच खाली उतरावे. वाजणारा सांधा घेऊन कोकणात उतरू नये, हे कळकळीचे सांगणे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. जी गाडी पुराच्या पाण्यात राहिली तिचे बूट तपासावेत आणि गिअर ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजून बदलून घ्यावे.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि हंगाम सुरू होताना एकदा, वर्षातून दोन वेळा गाडीखाली वाकून चारही बूट पाहावेत. बॅटरी घेतली तर पाच मिनिटांचे काम आहे. फाटलेला बूट वेळीच बदलला तर थोडक्यात भागते. टाळले तर एक्सेलचा खर्च अंगावर पडतो, आणि तो बहुधा ऊसबिल हाती नसते तेव्हाच पडतो.