ईश्वरविचार : लेखांक ६
घडा, वारूळ आणि कर्ता

गेल्या आठवड्यात नैयायिकांचं अनुमान पाहिलं. आधी नसलेली आणि नंतर अस्तित्वात आलेली प्रत्येक गोष्ट हे ‘कार्य’, आणि कार्याला कर्ता असतोच. घड्याला कुंभार असतो तसा. पृथ्वी, पर्वत, अंकुर हे सगळं अवयवांचं बनलेलं आहे, म्हणजे तेही कार्यच. मग त्याचाही कर्ता असला पाहिजे, आणि एवढ्या पसाऱ्याची जुळणी करणारा तो सर्वज्ञच असणार. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘न्यायकुसुमांजली’ लिहून या विचाराला सर्वांत भक्कम रूप दिलं. एक गोष्ट पुन्हा लक्षात आणून देतो : हा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही. परमाणू नित्य, जीवही नित्य. जीवांच्या पापपुण्यानुसार परमाणूंची जुळणी करणं, हे त्याचं काम.

आज खंडनाकडे वळू. ईश्वराचं अनुमान खोडणारे सगळे नास्तिकच असणार, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. तो साफ चुकीचा आहे आणि त्यामुळे आपल्याच परंपरेतला एक मोठा वाद आपल्याला दिसेनासा झाला आहे.

सुरुवात मात्र बौद्धांपासून करावी लागते. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त वारुळाचा दाखला दिला. घडा मातीचा, त्याला आकार असतो आणि तो कुंभार करतो. वारूळही मातीचंच, त्यालाही आकार असतो. म्हणून ते कुंभारानं केलं असं म्हणायचं का? म्हणत नाही, कारण कुंभार घडा करताना आपण पाहिलेला असतो, आणि अनुमान चालतं ते त्याच जातीच्या वस्तूंपुरतं. ओसाड जागी पडकं देऊळ दिसलं तर ते कुणीतरी बांधलं असणार हे कळतं, कारण देवळं बांधली जाताना माणसांनी पाहिलेली आहेत. डोंगर केला जाताना कुणी पाहिला आहे? देऊळ आणि डोंगर या दोघांना ‘कार्य’ हा एकच शब्द लावला, म्हणून त्यांची जात एक होत नाही.

नैयायिकांनी याला उत्तरं दिली. उदयनाचार्य म्हणतात, शंकेलाही मर्यादा असते. कार्य कारणाशिवाय होऊ शकेल अशी शंका धरणारा माणूसही धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. त्याचं वागणंच त्याच्या शंकेला खोटं पाडतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. पण त्यानं सिद्ध होतं ते एवढंच की कार्याला कारण लागतं. ते कारण जाणतं, इच्छा करणारं असलंच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. पेरल्याशिवाय उगवणाऱ्या गवताचं काय, असं विचारलं की नैयायिक म्हणतो, त्या गवताचाच तर कर्ता सिद्ध करायचा आहे, त्यामुळे ते अपवाद म्हणून पुढे करता येणार नाही. तर्कशास्त्राच्या नियमात हे बसतं. पण ज्याची आधीच खात्री पटलेली नाही, त्याला ते पटणार नाही.

कुमारिल भट्ट हे वेदांचे कट्टर अभिमानी मीमांसक. यज्ञाचा एकेक विधी त्यांना प्राणप्रिय होता, तरी जगाचा निर्माता त्यांनी मानला नाही. ‘श्लोकवार्तिका’त ते विचारतात : सृष्टीच्या आधी त्या निर्मात्याला शरीर होतं का? नसेल तर इच्छा कशी झाली, आणि असेल तर ते शरीर कुणी घडवलं? करुणेपोटी सृष्टी केली म्हणावं, तर तेव्हा करुणा करावी असं कुणी दुःखी नव्हतंच. आणि करुणाच होती, तर सगळं सुखाचंच का केलं नाही? वेद अपौरुषेय मानल्यामुळे मीमांसकांना त्यासाठीही ईश्वराची गरज नव्हती.

आता रामानुजाचार्य. विष्णुभक्तीला वेदान्ताचं बळ देणारे हे आचार्य ‘श्रीभाष्या’त, ब्रह्मसूत्रांतल्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या सूत्रावर लिहिताना, ईश्वराचं हे अनुमान स्वतःच मोडून काढतात. जग हे कार्य आहे असं मानलं, तरी ते सगळं एकाच वेळी आणि एकाच कर्त्यानं केलं याला आधार काय? निरनिराळ्या काळी, मोठ्या पुण्यानं सामर्थ्य मिळवलेल्या निरनिराळ्या जीवांनी ते केलं असेल. शिवाय आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी, थोडं जाणणारा आणि थोडी शक्ती असलेला आहे. घड्यावरून निघालात तर कुंभारासारखाच कर्ता हाती लागेल, सर्वज्ञ परमेश्वर नव्हे. अनेक कर्ते का नसावेत, हाच प्रश्न स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं केला. त्याचे संवाद प्रसिद्ध झाले 1779 मध्ये, म्हणजे रामानुजांनंतर सहा शतकांहून अधिक काळानं. तिथे तो प्रश्न धर्माला धक्का देणारा मानला गेला. इथे तो भक्तिमार्गाच्या आचार्यांनीच मांडला होता, कारण त्यांच्या मते ईश्वराचं ज्ञान फक्त शास्त्रातून होतं. अनुमानानं सिद्ध होणारा ईश्वर त्यांना अपुरा वाटत होता.

माझं मत सांगतो. कार्यावरून कर्त्याकडे जाणारं अनुमान धर्मकीर्तींच्या वारुळापाशी अडतं आणि उदयनाचार्यांसारख्या प्रतिभेलाही ते पुढे नेता आलेलं नाही. पण त्यावरून ईश्वर नाही असं ठरत नाही. एक पुरावा अपुरा ठरला, इतकंच. रामानुजांनी हा फरक नेमका ओळखला होता. शास्त्राचं प्रामाण्य न मानणाऱ्याला मात्र त्यांच्या उत्तरानं समाधान मिळणार नाही, हेही तितकंच खरं.

कुमारिलांचा करुणेचा प्रश्न आज मुद्दामच अर्ध्यावर सोडला आहे. जगातल्या दुःखाचा आणि विषमतेचा दोष ईश्वराकडे जातो का, याचं शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात दिलेलं उत्तर पुढच्या आठवड्यात पाहू.