भंगार की वारसा? जुन्या शालेय बसची ओळख आणि मोल

पनवेल, प्रतिनिधी – पनवेल हे दोन महामार्गांचे गाव. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता येथेच फुटतो. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून रस्त्याने येणारी वाहने ठाण्याला वळसा घालून येथे पोहोचत. त्यामुळे बस, ट्रक, गॅरेज आणि भंगार यांचा व्यवहार या परिसराला नवा नाही. शाळेच्या, विश्वस्त संस्थेच्या किंवा बंद कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली बस शेवटी वजनकाट्यावर चढते आणि किलोच्या भावाने जाते. तिच्यातील एखादी खरोखरच दुर्मिळ असेल, तर ते ओळखण्याची वेळ काट्यावर चढण्यापूर्वीची असते. नंतर तिचे काहीही करता येत नाही.

पहिली फसगत रंगाची होते. शाळेची बस म्हटली की पिवळा रंग डोळ्यांसमोर येतो. हा रंग मूळचा अमेरिकेचा. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत शालेय बसची मानके ठरली, त्यात तो निश्चित झाला. त्याआधी, १९२७ मध्ये, जॉर्जिया राज्यात आल्बर्ट ल्यूस यांनी फोर्डच्या सांगाड्यावर बांधलेली पहिली ‘ब्लू बर्ड’ बस आज हेन्री फोर्ड संग्रहालयात जपलेली आहे. आपल्याकडे मात्र शालेय बससाठी राज्याची स्वतंत्र नियमावली २०११ मध्ये आली. पन्नास वर्षांपूर्वीची बस आज पिवळी दिसत असेल, तर तो रंग बहुधा नंतर चढलेला असतो. त्या काळी शाळेची बस म्हणून वेगळी गाडी बनतच नव्हती, असे म्हटले तरी चालेल. प्रवासी किंवा मालवाहू गाडीची चेसिस घ्यायची, तीवर कारागिराकडून बॉडी बांधून घ्यायची आणि बाजूला शाळेचे नाव रंगवायचे, एवढाच तो प्रकार. कित्येकदा दुसऱ्याकडे दहा-पंधरा वर्षे धावलेली बसच शाळेच्या वाट्याला येई. कोकणातील बहुसंख्य मुलांची शाळेची बस तर सवलतीच्या पासवर मिळणारी एसटीच होती.

चेसिस काय सांगते?

म्हणूनच ओळख पटवताना बॉडीकडे नव्हे, खाली पाहावे लागते. चेसिस क्रमांक सहसा पुढच्या चाकाजवळ, सांगाड्याच्या उभ्या पट्टीवर ठोकलेला असतो. गंज आणि ग्रीसचा थर रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसायचा, वर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल घासून ठसा घ्यायचा. परिवहन कार्यालयातील निरीक्षक चेसिसची ‘प्रिंट’ घेतात, ती अशीच. येथे पोलादी ब्रश किंवा ग्राइंडर चालवणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे होय.

क्रमांक वाचता आला नाही तरी निर्मात्याचा अंदाज बांधता येतो, मात्र त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालला, त्यामुळे शेवर्ले आणि बेडफर्ड गाड्या मुंबई इलाख्यात भरपूर होत्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली राज्य परिवहनची पहिली बसही बेडफर्डच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो या नावांनी एकाच घराण्याच्या गाड्या निघत. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत तिच्या गाड्यांच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा राहिला. जाळीवर मूळचा तारा असेल, तर गाडी या १५ वर्षांतली असण्याची शक्यता मोठी. ‘मूळचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तारा बसवायला एक स्क्रू पुरतो.

यांतील एकेका नमुन्याची स्वतःची खूण असते. उदाहरणार्थ, बेडफर्डची ‘ओबी’ ही बसची चेसिस. तिची निर्मिती १९३९ मध्ये सुरू झाली, युद्धामुळे थांबली आणि १९४५ नंतर पुन्हा काही वर्षे चालली. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि दोन चाकांच्या आसांमध्ये १४ फूट ६ इंच अंतर, ही तिची मापे. साधी टेप लावली तरी असे अंतर मोजता येते आणि ते सहसा कोणी बदललेले नसते. इंजिनाचे तसे नाही. पेट्रोल महाग पडू लागल्यावर असंख्य गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसवली गेली. त्यामुळे मूळ इंजिनासह सापडलेली जुनी बस ही अपवादच समजावी.

बॉडीचा विचार त्यानंतर. आतला सांगाडा सागवानी लाकडाचा असेल, वर पत्रा ठोकलेला असेल, तर ते जुन्या हातबांधणीचे लक्षण. बॉडी बांधणाऱ्याची पितळी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी दाराजवळ किंवा चालकाच्या डोक्यावर शोधावी. रंगाचे थर तपासायचे असतील तर रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवावा. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे एकेक रंग उलगडतात. तिरक्या उजेडात बाजूचा पत्रा पाहिला तर वरच्या रंगाखाली दबलेली शाळेच्या नावाची अक्षरेही कधी कधी वाचता येतात.

कागद आणि किंमत

कागदपत्रांत नोंदणी पुस्तक सर्वात मोलाचे. १ जुलै १९८९ पासून नव्या मोटार वाहन कायद्यानुसार जिल्ह्यांच्या आकड्यांची मालिका सुरू झाली. रायगडचा एमएच-०६ आणि पुढे पनवेलला मिळालेला एमएच-४६ त्यातलेच. मात्र परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीलाही नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे पाटीवरून वय ठरवू नये. पुस्तकातील प्रथम नोंदणीची तारीख, मालकांची साखळी आणि आसनसंख्या पाहावी. मालकांत शाळेचे नाव असेल तरच ‘शाळेची बस’ हा दावा टिकतो.

किमतीचा तळ ठरवणे सोपे आहे. रिकाम्या गाडीचे वजन पुस्तकातच असते, त्याला भंगाराच्या भावाने गुणले की झाले. त्याहून एक रुपयाही कमी घेऊ नये. वरची मर्यादा ठरवणे मात्र कठीण. जुन्या मोटारींना हौशी गिऱ्हाईक असते. बस ठेवायला गॅरेज नव्हे, शेड लागते. संग्रहालय, चित्रपटांसाठी वाहने पुरवणारे आणि एखादे हॉटेल यांपलीकडे खरेदीदार सापडत नाहीत. त्यातच कोकणातील दमट हवेने तळाचे लाकूड आणि पत्रा खाल्लेला असतो. संपूर्ण बॉडी नव्याने बांधण्याचा खर्च बहुतेक वेळा तयार बसच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून विकत घेणाऱ्याने आधी सुतार आणि पत्राकाम करणाऱ्याचा लेखी अंदाज घ्यावा, मगच मालकाशी बोलावे. इंजिन फिरते की नाही, याला या हिशेबात वाटते तेवढे महत्त्व नाही. मूळ खिडक्या, बाकडी, दिवे आणि मापक तबकडी शाबूत असणे अधिक मोलाचे, कारण इंजिन दुरुस्त करणारे अजून भेटतात, ते भाग मात्र बाजारात मिळत नाहीत.

सर्वात मोठी अडचण कायद्याची आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील वाहने ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि व्यावसायिक वापराला बंदी आहे. पण हे नियम दुचाकी आणि मोटारींसाठी आखलेले आहेत. शैक्षणिक संस्थेची बस १९८८ च्या कायद्यात परिवहन वाहन म्हणून गणली जाते, त्यामुळे तिला या सवलतीचा आधार मिळत नाही. रस्त्यावर आणायचे तर योग्यता प्रमाणपत्राच्या नेहमीच्याच वाटेने जावे लागते. सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या बसची वाट त्याहून बिकट. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर त्यांची नोंदणीच रद्द होते. त्यांतील एखादी जपायची तर ती न धावणारी वस्तू म्हणूनच जपावी लागेल.

तेव्हा पुनरुज्जीवनाचा हेतू आधी ठरवावा. बस केवळ प्रदर्शनात उभी करायची असेल तर इंजिनावर पैसा घालण्यापेक्षा छप्पर आणि लाकूड वाचवावे. जुन्या रंगाचा खिडकीएवढा तुकडा तसाच राखून ठेवावा. काढलेला प्रत्येक भाग, कुजका असला तरी, छायाचित्र काढून चिठ्ठीसह ठेवावा, कारण नवा भाग घडवणाऱ्या सुताराला नमुना म्हणून तोच लागतो.